पार्किंगचे पट्टे: फक्की, डिस्टेंपर की पक्का रंग?

प्रश्न बेळगावजवळच्या एका मंगल कार्यालयाचा आहे. पार्किंगला सुमारे २० गुंठे जागा आहे. दारापुढे पेव्हर ब्लॉक, उजव्या बाजूला यंदाच घातलेलं काँक्रीट आणि मागे मुरुमाचं मैदान. पेंटर म्हणतो, ऑइलपेंटनं पट्टे मारून देतो. रस्त्याची कामं करणारा ठेकेदार थर्मोप्लास्टिक, म्हणजे वितळवून ओतायचा जाड पट्टा, सुचवतो. मॅनेजरचं म्हणणं, लग्नाच्या आदल्या रात्री फक्की, म्हणजे पांढरी पावडर, मारली की भागतं. तिघांतलं कोणाचं ऐकावं?

खरं तर तिघांपैकी कोणाचंही संपूर्ण ऐकू नका. तुमच्याकडे जमीन तीन प्रकारची आहे, त्यामुळे उत्तरंही तीन निघतील. पण त्याच्याही आधी एक गोष्ट ठरायला हवी, ती म्हणजे तुमची आखणी गर्दीच्या दिवशी चालते का. पट्टा किती वर्षं टिकेल हे त्यानंतरचं. चुकीच्या जागी मारलेला पट्टा जितका टिकाऊ, तितका तो जास्त दिवस त्रास देतो.

पक्का पट्टा काढणं हे मारण्यापेक्षा जास्त कष्टाचं आणि महागाचं काम आहे. काँक्रीटवरचा रंग ग्राइंडरनं घासून काढला की तिथे फिकट, गुळगुळीत चर राहतो. रात्री पाऊस असताना हेडलाइटच्या उजेडात तो चर खऱ्या पट्ट्यासारखाच चमकतो आणि ड्रायव्हर दोन रेघांच्या मध्ये गोंधळतो. डांबरावरचं थर्मोप्लास्टिक खरवडलं की त्याबरोबर वरची खडीही निघते. जुन्या पट्ट्यावर काळा रंग फासणं हा आपल्याकडचा आवडता उपाय, आणि तो सगळ्यांत वाईट. काळा रंग डांबरापेक्षा जास्त चकाकतो, सहा महिन्यांत झिजतो आणि खालचा पांढरा पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून पक्कं काही करण्याआधी आखणी कच्च्या पट्ट्यांनी तपासून घ्यावी.

आधी मापं. कारसाठी २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब खण हे आपल्याकडचं रुळलेलं माप आहे. काटकोनात गाड्या लावायच्या तर मधली गल्ली ६ मीटर लागते. म्हणजे समोरासमोर दोन रांगा आणि मध्ये गल्ली मिळून १६ मीटर. मोकळ्या पार्किंगमध्ये गल्ल्या-वळणं धरून एका कारमागे २३ चौरस मीटर धरतात. २० गुंठे म्हणजे साधारण २,०२० चौरस मीटर, त्यामुळे कागदावर ८७-८८ गाड्या बसतात. गेट, झाडं, जनरेटरची खोली, केटररच्या टेम्पोची जागा आणि दुचाकी वजा करा, मग ७० बसल्या तरी पुष्कळ झालं. ठेकेदार शंभरचा आराखडा दाखवत असेल तर त्यात गल्लीची रुंदी किती धरली आहे ते आधी मोजा.

या भागात आणखी एक भानगड आहे. चिकोडी, निपाणी, खानापूरकडून वऱ्हाड येतं ते क्रूझर आणि टेम्पो ट्रॅव्हलरनं. क्रूझर ५ मीटरच्या खणात मावत नाही, तिचं मागचं टोक गल्लीत येतं. तेव्हा सगळेच खण मोठे करत बसू नका. गेटच्या जवळची एक रांग ५.५ ते ६ मीटर खोल ठेवा आणि मोठ्या गाड्या तिथेच वळवा. दुचाकीला १ बाय २ मीटर पुरतं. प्रत्येक दुचाकीचा चौकोन आखणं म्हणजे रंगाची नासाडी आहे, पुढची एक सरळ रेघ आणि दोन्ही टोकांच्या आडव्या रेघा एवढं बस्स. दुचाक्या मात्र पेव्हर किंवा काँक्रीटवरच घ्या. एप्रिलच्या उन्हात नरम झालेल्या डांबरात आणि ओल्या मुरुमात साइड स्टँड रुततो, आणि एक पडली की रांगच्या रांग आडवी होते.

जागेची रुंदी १६ मीटरपेक्षा कमी असेल तर खण तिरपे करा. ४५ अंशांत एका खणाची खोली ५.३ मीटर होते आणि एकेरी गल्ली ३.५ मीटरवर भागते, म्हणजे सगळं मिळून सव्वाचौदा मीटरच्या आत. त्याची किंमत लांबीत मोजावी लागते, कारण काठावर प्रत्येक खण २.५ ऐवजी ३.५४ मीटर खातो. ५० मीटरच्या काठावर काटकोनात २० गाड्या लागतात, ४५ अंशांत १३-१४. आणि तिरपे खण म्हणजे वाहतूक एकेरीच. बाण आणि बाहेर पडायचं वेगळं गेट नसेल तर तिरप्याच्या नादी लागू नका.

आता कच्ची आखणी. गवंडी भिंतीला धरतो तोच ३-४-५ चा काटकोन इथे धरायचा, फक्त मोठा. कंपाउंडच्या सर्वांत सरळ भिंतीला समांतर एक दोरी ताणा. तिच्यावर २० मीटर मोजा, काटकोनात १५ मीटर मोजा, आणि तिरकं अंतर २५ मीटर येईपर्यंत दुसरी दोरी सरकवा. मग पूर्ण चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. त्यात ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर पुन्हा आखा. भिंतीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, जुनी कंपाउंडं क्वचितच काटकोनात असतात. खण मोजताना दर वेळी मागच्या रेघेपासून २.५ मीटर मोजू नका. टेप एकदाच ताणून ० पासून २.५, ५, ७.५ अशा खुणा करा, नाहीतर दरवेळची बोटभर चूक साठत जाऊन शेवटचा खण पाऊण फूट अरुंद होतो.

या आखणीवर दोन-तीन मोठी लग्नं होऊ द्या. अक्षता पडतात त्या सुमाराला गच्चीवरून एक फोटो घ्या, जेवणं उठून गाड्या निघायला लागतात तेव्हा दुसरा. फोटोत तीन गोष्टी बघा: जागा भरलेली असूनही कोणते खण रिकामे राहतात, कोणत्या रेघेवर वारंवार चाक चढलेलं दिसतं, आणि माणसं दाराकडे कुठून चालत येतात. रिकाम्या खणापुढे हमखास काहीतरी अडचण असते, खांब, झाडाची फांदी किंवा वळायला अपुरी गल्ली. चाकं चढलेली रेघ चुकीच्या जागी आहे असं समजा. ड्रायव्हरला दोष देऊन ती सुधारत नाही. एवढं झाल्यावरच पक्क्या रंगाचा डबा उघडा.

काही पट्ट्यांना मात्र हा थांबा नको. गेटपासून मुख्य दारापर्यंत बंबाला आणि रुग्णवाहिकेला जायचा रस्ता, वीजमीटर आणि जनरेटरपुढची मोकळी जागा, आणि अपंगांच्या गाड्यांची जागा हे पहिल्या दिवसापासून पक्कं करा. अपंगांसाठीचा खण ३.६ मीटर रुंद लागतो, कारण व्हीलचेअर उतरवायची १.२ मीटरची पट्टी त्यातच येते. तो दारापासून ३० मीटरच्या आत आणि कडक, सपाट जमिनीवर हवा. मुरुमावर तो आखण्यात काही अर्थ नाही, पुढची चाकं रुततात. निदान दोन खण ठेवा.

मागच्या मैदानाचं उत्तर सोपं आहे. मुरुमावर पक्का रंग नावाची गोष्टच नसते. रंगाला धरायला स्थिर जमीन लागते आणि मुरूम तर रोज हलतो. तिथे फक्की. पण फक्की म्हणून कळीचा चुना वापरू नका. तो डोळ्यांत गेला तर भाजतो, अनवाणी फिरणाऱ्या पोरांच्या पायांना लागतो, आणि ओल लागली की गाडीच्या रंगावर डाग सोडतो. खडूची पावडर घ्या किंवा सरळ रांगोळी घ्या. शिरगोळ्याची रांगोळी चुन्यापेक्षा भरड आणि जड असते, त्यामुळे वाऱ्यावर कमी उडते. मुरुमावर आधी हलकं पाणी शिंपडा, लाल धूळ बसू द्या. ४ इंच अंतरावर दोन दोऱ्या ताणा, मधे तळाला भोकं पाडलेल्या डब्यानं पावडर सोडा, आणि वरून पुन्हा बारीक फवारा मारा. हे शेवटचं शिंपण बहुतेक जण विसरतात, आणि मग दुपारपर्यंत पट्टा पाहुण्यांच्या चपलांवरून हॉलमध्ये पोचतो. ४ इंच रुंद आणि सुमारे १ मिलिमीटर जाडीचा थर दिला तर मीटरला साधारण १०० ग्रॅम पावडर लागते. २५ किलोच्या पोत्यात हिशेबानं २५० मीटर निघतात, सांडलवंड धरून २०० समजा.

दर लग्नाला दोऱ्या ताणायच्या नसतील तर मुरुमासाठी एक मधला मार्ग आहे, आणि तो या मातीत खास चालतो. प्रत्येक खणाच्या दोन्ही टोकांना जांभ्याचा चिरा पुरायचा, वरचं तोंड जमिनीपासून बोटभरच वर राहील असा, आणि त्यावर चुना मारायचा. चिऱ्याचं अंग खरबरीत असतं, चुना चांगला धरतो. ऑइलपेंट मात्र चिऱ्यावर सोलतो, कारण चिरा पावसात पाणी पितो आणि मग ती वाफ रंगाला ढकलून वर येते. पावसाळ्यानंतर एकदा चुन्याचा हात दिला की वर्षभर आखणी जाग्यावर राहते. लग्नाच्या दिवशी दोन चिऱ्यांमध्ये फक्की ओढणं हे अर्ध्या तासाचं काम उरतं. चिरा दोन इंच वर ठेवला तर मात्र तो टायर फाडतो आणि अंधारात माणूस पाडतो. रोलर फिरवल्यानंतरच पुरा, आधी नाही.

जत्रेच्या पार्किंगचंही उत्तर हेच आहे, फक्त तिथे फक्कीही नको. चिंचलीच्या मायाक्काच्या किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला कापणी झालेल्या रानात गाड्या लागतात. धसकटांत पांढरी रेघ दिसत नाही. खुंट्या, सुतळी आणि दर तीन-चार मीटरवर एक चिंधी, तीही कमरेच्या उंचीवर. खण पाडायच्या भानगडीत न पडता नुसत्या रांगा आणि गल्ल्या आखाव्यात.

पेव्हर ब्लॉकचं काम सगळ्यांत फसवं. लोक त्यावर सर्रास रंग मारतात आणि वर्षात तो जाळीदार होतो. ब्लॉकच्या कडा उतरत्या असतात, सांध्यांत वाळू असते, गाडी गेली की ब्लॉक किंचित डुलतो आणि रंगाचा पापुद्रा नेमका सांध्यावर तुटतो. सांध्यातून शेवाळही रंगाखाली शिरतं. बेळगाव-खानापूरच्या पावसात झाडाखालच्या पेव्हरवर तर ते हमखास येतं. पेव्हरवर खरोखर पक्का पट्टा हवा असेल तर रंग विसरा आणि ब्लॉक बदला. दोन खणांच्या मधली ब्लॉकची एक ओळ उचलून त्या जागी त्याच जाडीचे, त्याच आकाराचे वेगळ्या रंगाचे ब्लॉक बसवा. लाल अंगणात पिवळे किंवा फिकट राखाडी उठून दिसतात. रंग ब्लॉकच्या वरच्या थरात मुरलेला असतो, तो पापुद्र्यासारखा निघत नाही. जाडी मात्र तपासा, ६० मिलिमीटरच्या अंगणात ८० चा ब्लॉक घुसवायला खालची वाळू उकरली की तो बसतो आणि पहिल्याच पावसाळ्यात खचतो. शिवाय आखणी बदलली तर ओळ उचलून दुसरीकडे नेता येते. पक्क्या पट्ट्यांत एवढी सोय दुसऱ्या कशातच नाही.

तोपर्यंत पेव्हरवर तात्पुरतं काम कोरड्या डिस्टेंपरनं चालवा. पाकिटावर सांगितल्यापेक्षा थोडा घट्ट कालवा आणि ४ इंची ब्रशनं एकच हात द्या. उन्हाळ्यात महिना-दीड महिना दिसतो. एप्रिल-मेमधला एक दणदणीत वळीव तो धुऊन नेतो, पण तात्पुरत्याकडून तीच तर अपेक्षा आहे. चुन्यात खळ किंवा फेव्हिकॉल घालून तो टिकाऊ करायची युक्ती काही जण सुचवतील. ती करू नका. असा चुना ब्लॉकच्या छिद्रांत बसतो, आणि मग तो धड दिसतही नाही, धड जातही नाही.

चिकटपट्टीबद्दल दोन शब्द. कारखान्यातल्या फरशीवर लावतात ती पिवळी-काळी प्लॅस्टिकची पट्टी उन्हासाठी नसते. उन्हात तिचा गोंद वितळून खाली राहतो आणि पट्टी सुटते. रस्त्यासाठी बनवलेली, काढता येण्याजोगी पट्टी वेगळी असते. ती धूळ साफ केलेल्या, कोरड्या, गुळगुळीत काँक्रीटवर चांगली बसते. लावल्यावर तिच्यावरून रोलर किंवा सावकाश गाडी फिरवून ती दाबावी लागते. पेव्हरवर ती टिकत नाही, सांध्यावर हवा राहते. राहिलेला गोंद डांबरावरून काढायला रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका, त्यात डांबरच विरघळतं.

आता काँक्रीट. पेंटरचा ऑइलपेंट इथेच आपटतो. काँक्रीटमध्ये, त्यातही नव्या काँक्रीटमध्ये, क्षार भरपूर असतात. ओलाव्याबरोबर ते वर येतात आणि ऑइलपेंटमधल्या तेलाचा अक्षरशः साबण करतात. मग रंग मऊ पडतो, फुगतो आणि सोलतो. दुकानदार म्हणतो डबा चांगल्या कंपनीचा आहे, पेंटर म्हणतो हात दोन दिलेत, आणि दोघंही खरंच बोलत असतात. दोष जातीत आहे. शिवाय तो ओला झाला की दुचाकीचं चाक घसरतं. दुकानात मागताना "रोड मार्किंग पेंट" असं नाव घेऊन मागा. तयार रोड मार्किंग रंगासाठी आयएस १६४ हे भारतीय मानक आहे, ते डब्यावर बघा, आणि हा रंग काँक्रीटवर चालतो असं कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलंय का तेही बघा. क्लोरिनेटेड रबर किंवा ॲक्रिलिकवर आधारलेला रंग क्षारांना दाद देत नाही.

काँक्रीट ओतल्यापासून निदान २८ दिवस थांबा. नंतर दोन चाचण्या घ्या, दोन्ही फुकटच्या. पहिली, दीड फूट चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून संध्याकाळी चिकटवा आणि सकाळी उचला. आतून दव जमलं असेल किंवा काँक्रीट काळवंडलं असेल तर अजून ओल आहे. दुसरी, पाण्याचे थेंब टाका. थेंब मोत्यांसारखे वरच राहिले तर पृष्ठभागावर क्युरिंग कंपाउंड (ताज्या काँक्रीटमधलं पाणी उडू नये म्हणून फवारतात ते रसायन) किंवा तेल आहे, आणि ते निघाल्याशिवाय कुठलाही रंग धरणार नाही.

पृष्ठभाग तयार करणं हे या कामाचं निम्म्याहून जास्त अंग आहे. ताज्या काँक्रीटवर सिमेंटची दुधाळ, ठिसूळ साय असते. रंग त्या सायीला चिकटतो आणि साय काँक्रीटला चिकटलेली नसते. पट्ट्याच्या जागेवर ग्राइंडरला डिस्क लावून हलका हात फिरवणं हा उत्तम मार्ग. ॲसिडनंही होतं. दहा भाग पाण्यात एक भाग ॲसिड, आणि नेहमी पाण्यात ॲसिड ओतायचं, उलट कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. फेस थांबल्यावर भरपूर पाण्यानं दोनदा धुवा आणि पूर्ण दोन दिवस वाळवा. धुणं अर्धवट राहिलं तर राहिलेलं ॲसिडच रंग सोलतं. गाड्यांनी गाळलेल्या ऑइलचे डाग डिटर्जंट आणि गरम पाण्यानं आधी काढा, ॲसिड तेलावर काम करत नाही. शेवाळ असेल तर तारेचा ब्रश, मग ब्लीचिंग पावडरचं पाणी, मग स्वच्छ पाणी. ब्लीचिंग आणि ॲसिड एकाच दिवशी, एकाच जागी अजिबात वापरू नका, विषारी वायू होतो.

या भागातली लाल धूळ इतकी बारीक आहे की खराट्यानं झाडली तरी तिचा हात मागे राहतोच. काळं कापड किंवा तळहात जमिनीवर घासून बघा. लाल झाला तर पुन्हा झाडा, शक्य असेल तर ब्लोअर लावा. नाहीतर रंग काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटतो.

मग दोरी मारा, दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा आणि पातळ दोन हात द्या. एकच जाड हात दिला तर वरून साल धरते, आत ओलं राहतं आणि आठवड्यात पट्टा भेगाळतो. टेप रंग ओला असतानाच ओढा, सुकल्यावर ओढला की कड तुटते. डब्यावर अर्ध्या तासात सुकतो असं लिहिलं असेल, तो हाताला सुकतो. गाडी एक रात्र गेल्याशिवाय आणू नका, कारण जागच्या जागी स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं रंग पिळून काढतात. आधी एक फूटभर नमुना मारून दोन दिवसांनी त्यावर ब्लेडनं चौकडी पाडा, टेप दाबून झटक्यात ओढा. रंग टेपबरोबर आला तर पुढचं काम तिथेच थांबवा.

थर्मोप्लास्टिक वाईट नाही, फक्त तुम्हाला त्याची गरज कुठे आहे ते बघा. ती पावडर १८०-२०० अंशांवर वितळवून, निदान २.५ मिलिमीटर जाडीनं ओततात. डांबरावर ती वितळून एकजीव होते, काँक्रीटवर प्रायमर लागतो आणि तरीही सुटायची भीती राहते. हायवेवर दिवसाला हजारो चाकं जातात तिथे तिला तोड नाही. तुमच्या खणात दिवसाला एक गाडी येते, एक जाते. खणांच्या रेघांना ती उगाचच जड पडते. गेटजवळ, जिथून प्रत्येक गाडी वळते, तिथले बाण आणि माणसांनी ओलांडायचे पट्टे डांबरी रस्त्यावर असतील तर मात्र थर्मोप्लास्टिकच करा. पावसाळ्यात गुळगुळीत थर्मोप्लास्टिकवर दुचाकी घसरते, म्हणून गरम असतानाच वर बारीक कुटलेली गारगोटी किंवा घसरण रोखणारी खडी टाकून घ्या. आणि उतारावर आडवा लांब पट्टा असेल तर दर दीड-दोन मीटरवर तीन-चार इंच जागा सोडा, नाहीतर अडीच मिलिमीटरचा तो बांध पाणी अडवतो.

हिशेब एकदा करून बघा. समोरासमोर २०-२० गाड्यांच्या दोन रांगा. एका बाजूला २१ रेघा, प्रत्येकी ५ मीटर, म्हणजे १०५ मीटर, दोन्ही मिळून २१० मीटर. रुंदी १० सेंटिमीटर धरली तर क्षेत्र २१ चौरस मीटर. दोन हातांचा मिळून ओला थर ०.४ मिलिमीटर धरला तर रंग साडेआठ लिटर, सांडलवंडीसह १० लिटर. थर्मोप्लास्टिक २.५ मिलिमीटरनं साडेबावन्न लिटर, लिटरला साधारण दोन किलो धरले तर १०५ किलो, म्हणजे २५ किलोची पाच पोती, वर चौरस मीटरला पाव किलोप्रमाणे सव्वापाच किलो काचेचे बारीक मणी, पट्टा रात्री चमकावा म्हणून. फक्की एक पोतं आणि वर थोडीशी. दर विचारताना याच आकड्यांवर विचारा. एक जण रनिंग फुटाचा दर देतो, दुसरा रनिंग मीटरचा, तिसरा चौरस मीटरचा, आणि स्वस्त वाटणारा दर मोजमाप बदललं की महाग निघतो. १० सेंटिमीटर रुंदीचा १० रनिंग मीटर पट्टा म्हणजे १ चौरस मीटर, आणि १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, एवढं पाठ असलं तरी पुरे. रेघ पूर्ण ५ मीटर ओढायचीही गरज नाही. भिंतीकडचा शेवटचा अर्धा मीटर गाडीखाली जातो, तो कोणी बघत नाही. ४.५ मीटर ओढली तर दहा टक्के रंग वाचतो.

हंगाम. दसरा झाला, जमीन वाळली की पक्क्या कामाला लागा आणि तुळशीचं लग्न लागायच्या आत संपवा, त्यानंतर तुम्हाला रिकामा दिवस मिळणार नाही. राहिलंच तर डिसेंबर-जानेवारीही चालतो, पण बेळगावात सकाळी दव असतं, दहा वाजल्याशिवाय ब्रश उचलू नका. मेमध्ये दुपारी काँक्रीट इतकं तापतं की रंग पसरायच्या आतच साल धरतो, आणि संध्याकाळी वळीव ठरलेला. जून ते सप्टेंबरमध्ये पक्का रंग मारणारा पेंटर भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. अथणी, रायबागकडे पाऊस कमी, तिथे मुदत जास्त मिळते, पण काळ्या रानावर घातलेलं काँक्रीट उन्हाळ्यात भेगाळतं आणि पट्टाही त्याच रेषेत फुटतो. तो रंगाचा दोष नव्हे, तिथे आधी भराव आणि पाया बघावा लागेल.

रंगांत फार डोकं घालू नका. खणांना पांढरा, गाडी लावू नये तिथे पिवळ्या तिरप्या रेघा, अपंगांच्या खणाला निळा. लाल मातीत पांढरा लवकर मळतो हे खरं, पण पिवळा मळला तर ओळखूच येत नाही, पांढरा धुतला की पुन्हा उठतो. जमिनीवर अक्षरं लिहिणं टाळा. ती सर्वांत आधी झिजतात, भरीव रंगामुळे त्यांवरून चाकं घसरतात, आणि कन्नड, मराठी, इंग्रजी यांपैकी कुठली लिहायची हा वाद कार्यालयाच्या दारात हवाच कशाला. बाण, आकडे, व्हीलचेअरचं चित्र सगळ्यांना समजतं. कार्यालयाच्या नावाच्या फलकावर मात्र ६० टक्के जागा कन्नडला देण्याची तरतूद २०२४ च्या दुरुस्तीनं कायद्यात आली आहे, नवा फलक करताना ते बघून घ्या. आणि कंपाउंडबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर स्वतःहून "नो पार्किंग"चे पट्टे मारू नका, तो अधिकार तुमचा नाही.

तेव्हा तुमच्यापुरतं असं करा. मुरुमाच्या मैदानात आत्ताच खुंट्या आणि फक्की, दोन लग्नांनंतर चिरे. पेव्हरवर यंदा डिस्टेंपर, आखणी जमली की पुढच्या वर्षी रंगीत ब्लॉकची ओळ. काँक्रीटवर अपंगांचे दोन खण आणि दारापर्यंतचा मोकळा रस्ता लगेच पक्क्या रंगानं, बाकीचे खण हंगामभर डिस्टेंपरनं तपासून मग. थर्मोप्लास्टिकवाल्याला परत पाठवा, कारण तुमच्याकडे डांबर नाही. पक्के पट्टे झाल्यावर आखणीचा कागद, रंगाच्या डब्याचं नाव आणि बॅच नंबर जपून ठेवा. दोन-तीन वर्षांनी नवा हात देताना जुन्यावर त्याच जातीचा रंग लागतो, वेगळ्या जातीचा मारला तर खालचा सुरकुततो.